भट्टी बरोबर आहे

मित्रांनो, माझं तोंड गोल आहे, काच एका कडेला तडकलेली आहे आणि पाठीला एक लांब दांडी आहे. आयुष्यभर मी एकच काम केलं. किती तापलंय, ते विचारणाऱ्याच्या तोंडावर खरं सांगायचं. मी पाव भाजायच्या भट्टीवरचा तापमापक आहे. जुना आहे, आणि माझ्यावर चक्क खोटारडेपणाचा आळ आला होता. तो कसा आला आणि कसा धुऊन निघाला, ते आज सांगतो. मधूनमधून फुशारकी मारेन, तेवढी चालवून घ्या. ज्याची चारचौघांत बदनामी झाली, त्याला चारचौघांत मिरवायचाही हक्क असतो.

माझ्या पोटात दोन वेगळ्या धातूंची, एकमेकांना चिकटवलेली पट्टी आहे, वेटोळं करून बसवलेली. दांडीला ऊब लागली की एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. या ओढाताणीत पट्टी पीळ खाते आणि माझा काटा फिरतो. घरातल्या दोघांचं पटत नाही म्हणूनच माझं काम चालतं, असं म्हणा ना. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी एका तपासनीस बाईंनी माझी दांडी उकळत्या पाण्यात बुडवली. काटा शंभरावर जाऊन थांबला. बाईंनी मान हलवली, मला पुसलं आणि खोक्यात ठेवलं. एवढीच माझी शाळा.

मला विकत घ्यायला एक उंच, ताठ मानेच्या बाई आल्या होत्या. त्यांची स्वतःची बेकरी होती. चेहरा घामानं डबडबलेला आणि कपाळावर आठी. दुकानदाराला म्हणाल्या, "आधीचा खोटं बोलतो. मला खोटं न बोलणारा द्या." मी मनातून फुगलो. आधीच्याला भंगारात टाकलं होतं, आणि त्याच्या जागी मला भट्टीच्या कपाळावर बसवलं. नव्या नोकरीवर रुजू होणारा आधीचा का गेला याची चौकशी कुठं करतो? मीही नाही केली.

पुढे त्या बाईंची सून घरात आली. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. उंच बाई झाल्या सासूबाई. त्यांनी सुनेला पीठ मळायला, तिंबायला, फुगू द्यायला शिकवलं आणि मग एका पहाटे भट्टीच तिच्या हातात दिली. वहिनींना भट्टीचं वेड लागलं. दुकानात आल्या की दिवा लावायच्या आधी माझ्या काचेवर नखानं टिचकी मारायच्या. "काय, उठलास का?" असं विचारल्यासारखी टिचकी. त्यांचे यजमान गाडी घेऊन पाव पोचवायला जायचे. ते बोलण्यात महाकंजूष, पण त्यांच्याही तोंडून एकदा निघालं, "हिचा पाव आणि ह्याचा काटा, दोन्ही चुकत नाहीत." ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. चौकापलीकडच्या इस्पितळात सगळ्या रोग्यांना सकाळी आमचाच पाव जायचा. मऊ, हलका, आजारी माणसाच्या घशाखाली सहज उतरणारा. त्या पावाचा वहिनींना फार अभिमान होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका पहाटे वहिनी भट्टीसमोर उभ्या होत्या आणि एकदम मागे सरकल्या. त्यांचा चेहरा, मान, कान, सगळं लालबुंद झालं. घामाच्या धारा लागल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा काटा जिथं असायला हवा तिथंच होता. "छे, याच्यापेक्षा जास्त तापलीय," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी आच कमी केली.

मित्रांनो, आच कमी केली की माझा काटा उतरणार. मी उतरलो. घाणा बाहेर आला तो फिकट, आणि आतून ओला, चिकट. वहिनींनी तो कसाबसा खपवला. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच, मग रोजच तसं व्हायला लागलं. मध्येच अंगातून वाफ उठायची, त्या भट्टीवर चिडायच्या, आच उतरवायच्या, आणि थोड्या वेळानं अंगात थंडी भरली की "आता विझत चाललीय" म्हणून आच चढवायच्या. पाव कधी कच्चा, कधी करपलेला. रात्री झोप नाही, म्हणून दिवसा चिडचिड. एकदा तर मिठाचा अंदाज चुकला आणि त्या पिठाच्या परातीशी बसून रडल्या. ज्या बाईनं कधी मीठ मोजून घातलं नाही, तिला ते चुकल्याचं किती लागलं असेल, विचार करा.

भट्टीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बर्नर साफ केले, झडपा तपासल्या, दरवाज्याच्या कडेची, आच बाहेर जाऊ न देणारी दोरी बदलली. "वहिनी, भट्टीला काही झालेलं नाही," तो म्हणाला. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं हात टेकले आणि बिचाऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "मग हा चुकीचं दाखवत असेल. जुना झालाय." झालं. मला पान्यानं उपटलं, माझ्या जागी एक नवा, चकचकीत तापमापक बसवला आणि मला मागच्या खोलीतल्या फळीवर, फुटक्या साच्यांच्या शेजारी ठेवलं. त्या दिवशी वहिनींनी मला टिचकी मारली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

फळीवरून मला भट्टीचा कोपरा दिसायचा. नवा आला तरी पाव कच्चाच. इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख बाईंचा निरोप आला की रोगी पाव ताटात टाकून देतात, असंच राहिलं तर दुसरीकडे बघू. वहिनींचे दीर, म्हणजे भाऊजी, काउंटर सांभाळायचे. माणूस वाईट नाही, पण घाईचा. ते म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. कारखान्याचा तयार पाव मिळतो, गोठवलेला. आपण नुसता गरम करून द्यायचा. भट्टी काढून टाकू. तुम्हालाही आराम." मी वहिनींचे हात बघत होतो. त्या ओल्या फडक्यानं तेच तेच टेबल पुसत होत्या. त्यांच्याकडून भट्टी गेली असती तर बाकी राहिलं काय असतं? त्यांना तर झोपेतसुद्धा पीठ मळल्याचं स्वप्न पडायचं.

आता सासूबाईंचं ऐका. त्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. दुपारी मागच्या खोलीत येऊन खुर्चीत बसायच्या. मला फळीवर पाहून त्यांनी विचारलं, "हा इथं का?"

"खोटं बोलतो, आई," वहिनी म्हणाल्या.

सासूबाईंनी मला उचलून नीट निरखलं. मग म्हणाल्या, "पातेलंभर पाणी उकळायला ठेव. आणि तो नवासुद्धा काढून आण."

पाणी खळखळायला लागलं. भाऊजी गंमत बघायला दारात येऊन उभे राहिले. सासूबाईंनी आधी नव्याची दांडी पाण्यात धरली. शंभर. मग माझी. मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यापासून मी पुन्हा उकळतं पाणी पाहिलं नव्हतं, पण मी काही विसरलो नव्हतो. माझा काटा सरसर चढला आणि शंभरावर येऊन ठाम उभा राहिला. नव्याच्या अगदी बरोबरीनं. ह्याला म्हणतात अग्निपरीक्षा, फक्त माझी पाण्यात झाली.

"दोघंही खरे," सासूबाई म्हणाल्या. "भट्टीही बरोबर. मग तापतंय कोण?"

वहिनींच्या मानेवर तेवढ्यात पुन्हा ती लाली चढत होती.

"अगं, तू तापतेयस," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुझी पाळी जायची वेळ आलीय. मलाही असंच झालं होतं. मीही मिस्त्रीला बोलावून बोलावून बेजार केलं. मीही आच खालीवर केली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी चांगला चालणारा तापमापक भंगारात घालून हा विकत आणला. दोन वर्षांनी सगळं आपोआप शांत झालं, तेव्हा मला कळलं की भट्टी कधी बिघडलीच नव्हती. पण सांगणार कुणाला? आमच्या वेळी या गोष्टी तोंडातून काढत नव्हते. तू मिस्त्रीला बोलावलंस तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तेव्हाही माझी जीभ रेटली नाही."

भाऊजी दारातून हळूच पसार झाले. वहिनी आधी हसल्या, मग सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या, मग पुन्हा हसल्या. आणि मी? माझा आळ गेला, पण मन भरून आलं ते माझ्या आधीच्यासाठी. बिचारा खरं बोलून भंगारात गेला, आणि त्याच्या जागेवर मी इतकी वर्षं मिरवलो.

तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. कसली संपते? नव्याला परत भट्टीवर बसवलं, कारण त्याचा काही गुन्हा नव्हता, आणि मी निर्दोष सुटूनही फळीवरच राहिलो. शिवाय दुखणं कळलं म्हणजे ते गेलं असं थोडंच आहे? वाफा येतच होत्या, झोप उडालेलीच होती. वहिनींनी आता उपायांचा धडाका लावला. धाकट्या बहिणीनं फोनवर सांगितलं, जवसाची पूड खा. समोरच्या शिंपीणबाईंनी सांगितलं, सोयाच्या गोळ्या घे. वनौषधींच्या दुकानातल्या गोड बोलणाऱ्या माणसानं एका रानटी मुळीच्या गोळ्यांची बाटली दिली, तिच्यावर दात काढून हसणाऱ्या बाईचं चित्र. त्यावर पिवळ्या फुलाच्या बियांचं तेल, त्यावर कसल्याशा पाल्याचा काढा. "सगळं नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही," असं म्हणत त्यानं पिशवी भरली. ती सगळी मंडळी माझ्या फळीवर येऊन बसली. प्रत्येकीच्या अंगावर मोठमोठी आश्वासनं लिहिलेली. मी त्यांना निरखून पाहिलं. एकीलाही काटा नव्हता.

वहिनी सकाळी सगळं एकदम घ्यायच्या. पूड, गोळ्या, तेल, काढा, वर आणखी गोळ्या. आठवड्याभरात पोट बिघडलं, तोंड कडू झालं, आणि वाफा कमी झाल्या की वाढल्या तेही समजेना. "काहीतरी गुण येतोय बहुतेक," त्या म्हणायच्या. बहुतेक! हा शब्द ऐकला की माझी पट्टी पीळ खाते. शेवटी सासूबाईंनीच दटावलं, "डॉक्टरीणबाईंकडे जा. आणि हे सगळं दुकान बरोबर घेऊन जा." वहिनींनी घाईघाईत फळीवरचं सगळं पिशवीत लोटलं, आणि त्या धांदलीत बाटल्यांबरोबर मीही पिशवीत गेलो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. वाचलं, वास घेतला, भुवई उंचावली. शेवटी पिशवीच्या तळातून मला बाहेर काढलं. "आणि हे कशावरचं औषध?"

वहिनी लाजून चूर झाल्या. मग त्यांनी भट्टीची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरीणबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "या टेबलावर बोलायला सरळ असा हा एकटाच आहे. मला सांगा, नवं पीठ आलं की तुम्ही काय करता? पीठ, खमीर, पाणी, आच, सगळं एकाच घाण्यात बदलता?"

"छे हो. एका घाण्यात एकच बदल. नाहीतर कशानं काय झालं ते कळणार कसं?"

"मग स्वतःच्या बाबतीत असं का केलंत?"

मला वाटतं, तो प्रश्न त्यांना त्या बाटल्यांपेक्षा जास्त लागू पडला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. मुळीच्या गोळ्या काही जणींच्या यकृताला त्रास देतात, म्हणून त्या बंद आणि रक्त तपासायचं. काढ्यात काय आहे ते बाटलीवरच लिहिलेलं नाही, म्हणून तोही बंद. "नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं नसतं. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे काहीही नवीन घेण्याआधी मला विचारायचं. जवस आणि सोया आहारात घेऊन बघा. काहींना थोडा उपयोग होतो, काहींना अजिबात होत नाही. जादू काही नाही. एका वेळी एकच, काही आठवडे, आणि मोजायचं. नाहीच भागलं तर माझ्याकडे औषधं आहेत. लाजून सोसत बसायचं नाही." आणि त्यांनी मला वहिनींच्या हातात दिलं. "ह्याला जागेवर बसवा."

मुळीच्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतल्या. रिकामी बाटली वहिनींनी मागून आणली, ती हसऱ्या बाईची. वाफ आली की त्यात एक सुका वाटाणा टाकायचा, आठवडा संपला की किती भरली ते बघायचं आणि रिकामी करायची. पहिल्या आठवड्यात, वाफांवर काहीच घेतलेलं नसताना, बाटली गळ्यापर्यंत भरली. मग जवस सुरू झालं. अख्खा दाणा तसाच पोटातून निघून जातो, म्हणून ताजी पूड करायची आणि वर भरपूर पाणी प्यायचं. कितीतरी दिवस काही फरक नाही. मग वाटाणे बाटलीच्या खांद्यापर्यंत उतरले. मग सोयाबीन जेवणात आलं, आणखी थोडे उतरले. पिवळ्या फुलाच्या तेलानं एक वाटाणाही हलला नाही, म्हणून त्याला निरोप मिळाला. खिडकी उघडी ठेवून झोपायला लागल्या, संध्याकाळची कॉफी सोडली, तेव्हा झोपही बऱ्यापैकी परत आली. बाटली अर्धी झाली. रिकामी नाही झाली, हेही सांगतो. मी तापमापक आहे, मी वाढवून सांगत नाही. पण मित्रांनो, त्या हसऱ्या बाईच्या बाटलीला शेवटी काटा मिळाला होता.

आणि मी? नवा तापमापक बिस्किटांच्या छोट्या भट्टीवर गेला. मला पुसून पुन्हा माझ्या जागी बसवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी आल्या, दिवा लावायच्या आधी माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि टिचकी. ती टिचकी वाजली आणि मला वाटलं, आता मला कशाची उणीव नाही.

इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख बाईंनी शेवटची एक संधी दिली होती. त्या स्वतः येऊन, समोर भाजलेला पाव मोडून बघणार होत्या. तो आवडला नाही तर भट्टी निघणार, हे घरात ठरलेलंच होतं. कारखान्याच्या माणसाचा भाऊजींना दोनदा फोन येऊन गेला होता. त्या सकाळी काउंटरवर गिऱ्हाइकांची रांग होती. प्रमुख बाई हात बांधून भट्टीशी उभ्या होत्या. सासूबाईंनी आपली खुर्ची पुढच्या दालनात आणवली होती. पाव आत गेला, दार बंद झालं.

आणि अगदी तेव्हाच वाफ आली. मला वहिनींच्या मानेवरून वर चढणारी ती लाली दिसली. घाम फुटला. श्वास जोरात व्हायला लागला. भाऊजींनी ते पाहिलं आणि त्यांचा हात आचेच्या चावीकडे गेला. "वहिनी, फार तापलीय का? कमी करतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, अंगाची आग होत असताना, सगळं शरीर ओरडून सांगत असताना की भट्टी पेटलीय, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला. इतकी वर्षं मी ज्यासाठी लटकत होतो ते हेच होतं.

"हात काढा, भाऊजी," त्या म्हणाल्या, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात. "भट्टी बरोबर आहे. तापलेय ती मी. माझी पाळी जायच्या वाफा आहेत, येतात आणि जातात. पावाला काही होणार नाही."

भाऊजींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. वहिनी ओलं फडकं मानेवर ठेवून शांतपणे उभ्या राहिल्या. वाफ आली तशी ओसरली. वेळ झाली, त्यांनी दार उघडलं, आणि सोनेरी पावांचा वास सगळ्या दालनात पसरला.

प्रमुख बाईंनी एक पाव उचलला, फुंकर घातली आणि मधोमध मोडला. आतून मऊ, कोरडा, जाळीदार. कच्चेपणाची एक रेघ नाही. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला, आणि म्हणाल्या, "उद्यापासून नेहमीसारखा पाठवा." मग जरा जवळ सरकून हळू आवाजात विचारलं, "काय घेता हो तुम्ही? मला तर रात्रभर झोप नाही."

वहिनी हसल्या. त्यांनी फळीवरून वाटाण्यांची बाटली आणली आणि रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर सगळं सांगितलं, जवसापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत. "मला थोडं लागू पडलं. तुम्हाला पडेलच असं नाही. आधी डॉक्टरांना विचारा, एका वेळी एकच करा, आणि भट्टीला दोष देऊ नका." रांगेतली एक आजी म्हणाली की तिनं शिवणयंत्राला दोष दिला होता. सगळ्या जणी खळखळून हसल्या. इतकी वर्षं या दुकानात पाव विकला गेला, पण असं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. सासूबाई खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या.

भट्टी राहिली. कारखान्याच्या माणसाला भाऊजींनीच फोन करून नाही सांगितलं. पुढे वहिनींनी जवसाचा पाव काढला, तोही खपू लागला. भाऊजी पाटी रंगवायला बसले, "वाफा घालवणारा पाव". वहिनींनी ब्रश काढून घेतला. "चविष्ट आहे एवढंच लिहा. औषध आपण विकत नाही." भाऊजींनी मुकाट्यानं तेवढंच लिहिलं.

प्रमुख बाई पाव बघून गेल्या, त्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळी सासूबाई काठी टेकत माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्या तडकलेल्या काचेवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्या आधीचाही खरंच बोलत होता रे." मला बोलता येत नाही. पण विझत्या भट्टीवर मी काटा शक्य तितका सरळ धरला, त्याच्यासाठी.

मित्रांनो, तुमच्याही घरी आई असेल, मावशी, आत्या, मोठी काकू असेल. ती कधी थंडीत खिडक्या उघडेल, उगाच चिडेल, किंवा फ्रिज, पंखा, शेगडी, सगळं बिघडलंय म्हणेल. तेव्हा हसू नका. तिच्याजवळ जा आणि विचारा, "तुला काय होतंय?" कोणी विचारलं नाही म्हणून एका चांगल्या बाईची दोन वर्षं कुढत गेली आणि एक खरं बोलणारा तापमापक भंगारात गेला. विचारायला काही लागत नाही. आणि तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं, खरं सांगणारं काही असेल, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा उकळत्या पाण्यात धरून बघा.

आता मला गप्प बसायला हवं. पहाट झालीय, कुलूप उघडल्याचा आवाज आला. दिवा अजून लागलेला नाही, आणि वहिनींचं नख माझ्या काचेकडे येतंय.